कोंडा, कणी आणि कचोरा : घरगुती उटण्याच्या घटकनिवडीची प्रस्तावना

अंगात तेल जिरवल्यानंतर आणि आंघोळीचे पाणी अंगावर घेण्यापूर्वी त्वचेवर चोळायचे सुवासिक चूर्ण म्हणजे उटणे, ही ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही; नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आणि लग्नातील हळद या दोन प्रसंगांनी ती घरोघरी पोहोचलेली आहे. उटण्याच्या कृतीही दर दिवाळीला पुष्कळ छापल्या जातात. त्या कृतींमध्ये घटकांची नावे आणि चमच्यांचे प्रमाण असते. परंतु तो घटक तेथे कशासाठी आहे, तो किती बारीक दळलेला असावा, किती जुना चालेल आणि कोणाच्या त्वचेला चालणार नाही, हे क्वचितच सांगितलेले असते. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी या उणिवेपासून सुरू होते. घटकाचे नाव पाहून केलेली निवड अपुरी असते, त्याची अवस्था पाहून केलेली निवडच उपयोगी पडते, अशी या पुस्तकाची भूमिका असून ती तपासण्यासाठी धानाच्या प्रदेशातील, गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर हे ठिकाण आधाराला घेतले आहे.

उटणे नेमके काय करते हे आधी स्पष्ट केले पाहिजे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात; हा थर मृत, चपट्या पेशींच्या साधारण १५ ते २० पदरांचा असतो आणि खालून नव्या पेशी वर सरकत असल्यामुळे सुमारे चार आठवड्यांत त्याचे नूतनीकरण होत राहते. वरचे पदर आपोआप झडतातच, परंतु कोरडी हवा, वाढते वय, घाम आणि धूळ यांमुळे ते काही ठिकाणी साचून राहतात व त्वचा निस्तेज, खरखरीत लागते. उटण्यातील कण हे सुटू पाहणारे पदर घासून काढतात, त्यातील पीठ तेल आणि मळ शोषून घेते आणि स्निग्ध अंश घर्षणाची धार कमी करतो. याहून अधिक काही उटणे करीत नाही. शृंगस्तर हा शरीराचा पाणी राखणारा बांध आहे, त्यामुळे तो प्रमाणाबाहेर खरवडला तर त्वचा उजळ होण्याऐवजी कोरडी आणि लाल होते. आणि त्वचेचा मूळ रंग खालच्या थरांतील रंगद्रव्यावर अवलंबून असल्यामुळे कोणत्याही उटण्याने मनुष्य गोरा होत नाही. उटण्याच्या पुड्यांवर गोरेपणाची आश्वासने अजून सर्रास छापली जातात, म्हणून ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी.

या विषयाचा लिखित इतिहास दीर्घ आहे. आयुर्वेदात या क्रियेला उद्वर्तन म्हणतात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम येतो. कफ आणि मेद कमी होणे, अवयवांना स्थैर्य येणे आणि त्वचा प्रसन्न होणे ही त्याची फळे तेथे सांगितली आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या क्रियेचे अधिक सूक्ष्म भेद केलेले आढळतात: उत्सादन म्हणजे स्निग्ध द्रव्यांसह केलेले चोळणे आणि उद्घर्षण म्हणजे कोरड्या, रुक्ष द्रव्यांनी केलेले घासणे. उद्घर्षणासाठी तेथे विटेचाही उल्लेख आहे. आजच्या वाचकाला वीट ऐकून धक्का बसेल. परंतु पायाच्या टाचा घासण्यासाठी वजरी किंवा न्हाणीतला खरबरीत दगड वापरणाऱ्या घरात ही परंपरा अखंड चालू आहे, आणि टाचेसाठी जे चालते ते गालासाठी चालत नाही हा विवेकही त्याच घरात सांभाळला जातो. घटकाची निवड अवयवानुसार बदलते हे तत्त्व या भेदांत आधीच दडलेले आहे.

दुसरा प्रवाह गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंधी द्रव्ये एकत्र करण्याच्या शास्त्राचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे, आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन यांना मानाचे स्थान आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याची सामग्री पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणली. गंगाधराचा गंधसार आणि गंधवाद नावाचा दुसरा एक ग्रंथ यांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी गंधवादावर मराठी टीका असून गोडे यांनी तिचा काळ स्थूलमानाने इ.स. १३५० ते १५५० असा ठरवला. म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर मराठीत लिहिण्याची परंपरा किमान साडेचारशे वर्षांची आहे. या प्रवाहाची दृष्टी मात्र दरबारी होती. कस्तुरी, केशर, चंदन, कापूर ही द्रव्ये दुर्मिळ म्हणूनच मोलाची मानली जात, आणि आजही उटण्याच्या पुडीवर ज्या घटकांची नावे ठळक छापली जातात ती बहुधा याच यादीतून आलेली असतात, मग पुडीत ती चिमूटभर असोत वा नुसती सुवासापुरती असोत.

तिसरा प्रवाह स्वयंपाकघराचा. त्याचे ग्रंथ नाहीत, कारण तो बायकांच्या हातातून हातात गेला. डाळीचे पीठ, दुधावरची साय, हळद, मसूर, दही, तांदळाची पिठी, उन्हात वाळवलेली संत्र्याची साल या घटकांची निवड शास्त्रवचनापेक्षा उपलब्धतेवर आणि काटकसरीवर ठरत आली. कोंड्याचा मांडा करण्याची वृत्ती या प्रवाहात शब्दशः खरी ठरते. विसाव्या शतकात साबणाने रोजच्या आंघोळीतून उटण्याला हुसकले आणि ते सणापुरते उरले. पुढे तर दिवाळीसाठी म्हणून खास साबणही आले. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, ४.५ ते ५.५ च्या दरम्यान असतो. हा फरक घरातल्या घरात पाहता येतो: हळद लागलेले कापड साबणाने धुऊ लागताच डाग लालसर होतो, कारण हळद अल्काच्या संपर्कात रंग बदलते. याच कारणाने उटण्यात खाण्याचा सोडा घालण्याची अलीकडची पद्धत या पुस्तकाने नाकारली आहे.

याशिवाय दोन आधुनिक संप्रदायांची नोंद घ्यावी लागते. निसर्गोपचाराने माती, पाणी आणि घर्षण यांवर भर दिला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजली. त्वचारोगशास्त्राने मृत पेशी काढण्याचे भौतिक आणि रासायनिक असे दोन मार्ग वेगळे केले. भौतिक मार्गात कण घासतात, तर रासायनिक मार्गात सौम्य आम्ले पेशींमधील बंध सैल करतात. फळे, ऊस आणि दूध यांपासून मिळणाऱ्या अशा आम्लांच्या परिणामांवर व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानंतर हा मार्ग जगभर पसरला. आंबट दह्यातील लॅक्टिक आम्ल त्याच कुळातले आहे, जरी त्याचे प्रमाण फार कमी असते. दह्यात कालवलेल्या उटण्यात दोन्ही मार्ग एकत्र येतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. त्यावरून घरगुती उटण्याला वैद्यकीय उपचाराचा दर्जा देणे मात्र भाबडेपणाचे आहे.

आता फुलचूरकडे वळता येईल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आहे. येथे शेताला बांधी म्हणतात आणि शहराच्या आसपास राइस मिलची रांग लागते. या मिलमध्ये शंभर किलो धान गेले की साधारणपणे ६५ ते ७० किलो तांदूळ, सुमारे २० किलो तूस आणि पाच ते आठ किलो कोंडा बाहेर पडतो, आणि तांदळातूनच कणी, म्हणजे मिलच्या भाषेतील कनकी, चाळून वेगळी होते. चांगल्या उटण्याचा पाया येथे पोत्यांनी पडलेला असतो, आणि तरीही गावातल्या दुकानात दिवाळीच्या तोंडावर विकली जाणारी उटण्याची पुडी बहुतेक वेळा बाहेरून आलेली असते.

या चार वस्तूंमधील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. तूस, ज्याला या भागात भुसा म्हणतात, हे धानाचे बाहेरचे कवच; ते जाळले तर वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य असते. तुसाच्या काळ्या राखेची राखुंडी पूर्वी दात आणि भांडी घासायला वापरली जात असे हे खरे, पण अंगाला तूस लावणे म्हणजे त्वचेवर काचेचा चुरा फिरवण्यासारखे आहे. कोंडा हा त्याच्या आतील, तांदळाला पॉलिश करताना निघणारा मऊ, पिवळसर, तेलकट भुगा. त्यात तेलाचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणूनच त्यापासून खाद्यतेल काढले जाते. घासणे आणि स्निग्धता हे दोन्ही गुण एकाच द्रव्यात असण्याचे हे उदाहरण आहे. परंतु सगळा कोंडा सारखा नसतो. जुन्या पद्धतीच्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकाच वेळी निघत असल्यामुळे त्या कोंड्यात तुसाचे टोकदार तुकडे मिसळलेले असतात. शेलर आणि पॉलिशर वेगवेगळे असलेल्या मिलमध्ये तूस आधीच उडवले जाते आणि पॉलिशरखाली पडणारा कोंडा स्वच्छ असतो. हातावर चिमूटभर घेऊन अंगठ्याने दाबत चोळला असता बोचणारे काही लागले तर तो कोंडा गुरांसाठी ठेवावा.

ताजेपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तांदळाला पॉलिश होताच कोंड्यातील लायपेज नावाचे विकर त्यातील तेलाशी एकत्र येते आणि तेलाचे विघटन सुरू करते. काही तासांतच मुक्त मेदाम्ले वाढू लागतात आणि थोड्याच दिवसांत कोंड्याला खवट वास येतो. असा खवट कोंडा सुगंधी चूर्णांनी झाकता येतो, पण त्वचेला त्याचा त्रास होऊ शकतो. उपाय सोपा आहे: मिलमधून त्याच दिवशीचा कोंडा आणावा, मैद्याच्या चाळणीने चाळावा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, हलवत राहून, खमंग वास सुटेपर्यंत भाजावा, म्हणजे विकर निष्क्रिय होते. उसना, म्हणजे उकडून वाळवलेल्या धानाचा कोंडा या बाबतीत अधिक टिकतो, कारण उकडतानाच विकर नष्ट झालेले असते. अरवा, म्हणजे न उकडलेल्या धानाचा कोंडा मात्र भाजल्याशिवाय ठेवूच नये. मिलमध्ये विचारले तर आज अरवा चालू आहे की उसना, हे लगेच समजते. उटण्याच्या कुठल्याही पुडीवर ही माहिती छापलेली नसते.

धानाच्या इतर देशांनी हे द्रव्य केव्हाच ओळखले होते. जपानमध्ये सुती पिशवीत कोंडा भरून ती ओली करून अंगावर फिरवण्याची रीत होती, जिला नुकाबुकुरो म्हणत. जावा बेटावर लग्नाआधी वधूला लावायच्या लुलुर या लेपात तांदळाची भरड आणि हळद असते. केरळमध्ये नवरा जातीच्या तांदळाची पोटली शेकण्यासाठी वापरतात. विदर्भातील हळदीच्या रात्रीशी लुलुरचे साम्य पाहता, हळद आणि धान जेथे एकत्र पिकतात तेथे ही युक्ती वेगवेगळ्या लोकांना सुचली असावी असे मानायला जागा आहे. पिशवीची जपानी रीत कोंड्याच्या बाबतीत विशेष सोयीची आहे, कारण कण कापडातच राहतात आणि मोरी तुंबत नाही.

इतर घटकांची चर्चा पुस्तकात कामानुसार केली आहे, आणि येथे त्यांतील काहींचाच निर्देश पुरे. हरभऱ्याचे पीठ तेल ओढून घेते म्हणून तेलकट त्वचेला बरे, मुगाचे पीठ तुलनेने सौम्य. जवस, जो पूर्व विदर्भात धानानंतर घेतला जातो, भिजवल्यावर चिकट बुळबुळीत द्रव सोडतो आणि कोरड्या त्वचेसाठी मिश्रण बांधायला उत्तम ठरतो. जंगलातून येणारी चारोळी दुधात वाटून लावण्याची रीत जुनी आहे, परंतु तिचा भाव पाहता ती खिरीसाठीच राखलेली बरी. सुवासासाठी आंबेहळद, कचोरा, गव्हला कचरी, कपूरकाचरी, वाळा आणि नागरमोथा ही नावे परंपरेने येतात. नागरमोथ्याच्या नात्यातला लव्हाळा तर बांधीत तण म्हणून माजतो आणि त्याच्या गाठींनाही मंद वास असतो. जटामांसीबद्दल मात्र पुस्तकाची भूमिका स्पष्ट आहे: हिमालयातील ही वनस्पती अतितोडीमुळे नष्ट होण्याच्या मार्गावर असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तेव्हा अंघोळीच्या चूर्णासाठी तिची मागणी करणे समर्थनीय नाही. कचोऱ्याने तिची उणीव पुरती भरून निघत नाही, पण भरून काढण्याची गरजही नाही.

काही घटक नैसर्गिक असूनही वर्ज्य आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, शिवाय लिंबूवर्गीय फळांत आणि बावचीत असणारी सोरालेन कुळातील द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले तर चट्टे व काळे डाग पडू शकतात; उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या प्रदेशात हा धोका पुस्तकी नाही. अक्रोडाच्या कवचाची पूड कितीही दळली तरी तिच्या कणांना कोपरे राहतात. साखर आणि मीठ ओलाव्यात विरघळत जातात, त्यामुळे त्यांचे घर्षण आपोआप कमी होते, हा त्यांचा गुण. मात्र मीठ जखमेवर झोंबते आणि साखरेने मुंग्या बोलावल्या जातात, हे घरगुती सत्यही विसरू नये. हळदीत भेसळीचे रंग आणि शिसेयुक्त क्रोमेट सापडल्याची प्रकरणे ठाऊक असल्याने, शक्य तेथे हळकुंड आणून घरीच कुटलेले चांगले.

सर्वांत गंभीर इशारा लहान बाळांविषयी आहे. बाळाची लव जावी म्हणून कणकेचा गोळा किंवा डाळीचे पीठ चोळण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. बाळाची त्वचा पातळ असते आणि खरचटलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने शरीरात गेल्यास पुढे त्याच अन्नाची ॲलर्जी उद्भवू शकते. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या एका साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाल्याचे नोंदले गेले आणि २०११ मध्ये तो साबण परत मागवावा लागला. ते सर्व वापरकर्ते गहू खाऊन वाढलेले लोक होते. बाळाला तेल पुरते, उटणे नको. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी, घामोळे किंवा इसब असलेल्यांनीही घर्षण टाळावे.

दळण्याच्या साधनाचा विचार या विषयात जवळजवळ कोणीच करीत नाही. पाटा-वरवंट्यावर वाटलेली मसूर आणि मिक्सरमध्ये फिरवलेली मसूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत: मिक्सरचे पाते दाणा तोडते आणि पीठ व मोठे तुकडे एकाच भांड्यात ठेवते. आजीची कृती जशीच्या तशी पाळूनही अंगाला ओरखडे येतात ते यामुळेच. आयुर्वेदातील वस्त्रगाळ, म्हणजे कापडातून गाळलेले चूर्ण, ही अट अनेकांना सोवळ्यातली वाटते, परंतु तिचा हेतू व्यवहार्य आहे. चेहऱ्यासाठी वस्त्रगाळ, हातापायांसाठी मैद्याच्या चाळणीतून उतरलेले आणि टाचांसाठी चाळणीवर उरलेले, असा एकाच दळणाचा तिहेरी उपयोग पुस्तकात सुचवला आहे.

हा विषय आजच का, याची उत्तरे दोन दिशांनी येतात. बाजारातील स्क्रबमध्ये वर्षानुवर्षे प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी घातले जात होते. ते मोरीतून नद्यांत आणि माशांच्या पोटात जातात हे दिसून आल्यावर अमेरिकेने २०१५ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा संमत केला आणि ब्रिटनने २०१८ मध्ये त्यांच्यावर बंदी अमलात आणली, आणि उत्पादकांना पुन्हा धान्य, बिया व कवचे यांकडे वळावे लागले. दुसरीकडे महिला बचत गट दिवाळीत उटणे विकू लागले आहेत. घरच्या वापरासाठी केलेल्या उटण्याला कोणाची परवानगी लागत नाही, पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे असेल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो आणि पुडीवर घटक व तारखा छापाव्या लागतात. गटांच्या प्रशिक्षणात ही बाब शेवटी, घाईघाईने उरकली जाते; ती खरे तर घटकनिवडीचा भाग आहे, कारण ज्या चूर्णाला तीन महिने टिकायचे आहे त्यात न भाजलेला कोंडा घालताच येत नाही. पाणी, दही किंवा साय घातलेले मिश्रण तर त्याच आंघोळीत संपवायचे असते. ओल्या मिश्रणात जंतू झपाट्याने वाढतात.

पुस्तकाची रचना कृतींच्या क्रमाने न करता ऋतूंच्या क्रमाने केली आहे, आणि त्यामागे फुलचूरच्या परिसराचे पीकचक्र आहे. हलके, म्हणजे लवकर तयार होणारे धान दिवाळीच्या आसपास कापणीला येते आणि मिल नव्या धानावर चालू लागतात, तेव्हा ताजा कोंडा नेमका अभ्यंगस्नानाच्या दिवसांत हाताशी येतो. थंडीत त्याला तीळ आणि जवसाची जोड मिळते. उन्हाळी धानाचा कोंडा मे-जून महिन्यांत निघतो, पण त्या उष्म्यात तो फार लवकर खवट होतो, आणि घामोळ्यांच्या त्या दिवसांत अंगाला जोराचे घर्षण सोसतही नाही. त्या काळासाठी पुस्तकाने कोंडा बाजूला ठेवून कनकीचे वस्त्रगाळ पीठ, वाळा आणि साधे पाणी एवढ्यावरच भागवले आहे.